यजमान संस्थेचं संमतिपत्र

इल्दिको, तुझा अर्ज मी भरतेय.
दुसऱ्या मजल्यावर, खिडकीला पडदा म्हणून ठोकलेल्या
जुन्या चादरीच्या कडेनं जेवढं ऊन घुसतं
तेवढ्या उजेडात.
एप्रिल आहे. की-बोर्डसुद्धा चटका देतो.

सरकारी भाषेत तू 'परदेशी विद्वान'.
तुमच्याकडच्या गवताळ सपाटीला पुस्ता म्हणतात,
असं तू पहिल्या पत्रात लिहिलं होतंस.
आमच्याकडं माळ.
तेवढ्या एका शब्दावर आपली ओळख झाली.

रकाना सात : यजमान संस्थेतील सोयी.
अतिथिगृह, आहे. इंटरनेट, आहे.
पाणीपुरवठा : नियमित, असं लिहिलंय.
खोटं नाही. दर पाचव्या दिवशी
अगदी नियमित येतं.

रकाना नऊ : यजमान प्राध्यापक, कायम सेवेतील.
इथं माझं नाव चालत नाही.
मी तासिका तत्त्वावर, मे महिन्यात तर मी नसतेच.
तिथं हिप्परगी सर.
सरांना पक्ष्यांतली कोंबडी ओळखता येते,
पण माणूस भला आहे, सही कुठं करू एवढंच विचारतो.
तुझं मासिक मानधन मी तीनदा वाचलं,
शून्यांवर बोट ठेवून.
राग आला नाही. म्हणजे आला होता,
नदाफमामा चहा घेऊन येईपर्यंत होता.

रकाना बारा : अभ्यासविषयाची स्थानिक उपलब्धता.
नान्नजला वनरक्षक धडक्यांना फोन लावला.
म्हणाले, मॅडम, दोन वर्षांत माळढोक
मी स्वतः बघितला नाही.
थोडं थांबले.
पण नाही असं लिहू नका.
नाही लिहिलं की फाईल बंद होते, मग कुंपणाचे पैसेपण.
मी लिहिलं : नोंदी अनिश्चित.

ध्वनिमुद्रणाचा नमुना जोडावा, अशी अट.
रविवारी पहाटे स्कूटी काढून बार्शी रोडनं गेले,
साडेचारला गवतात बसले.
मिळालं ते असं :
वारा. चंडोल. लांब एक कुत्रं.
एकदा माझीच बांगडी.
ज्याच्यासाठी गेले, त्याची
अकरा मिनिटं गैरहजेरी.

पोर्टल म्हणतं, फाईल दोन एमबीच्या आत हवी.
आता गैरहजेरीतलं काय कापायचं, सांग.
बांगडी कापली.
कुत्रं ठेवलं, ते दूर किती आहे त्यावरनं
माळ केवढा आहे ते कळतं.

रात्री घरी परत ऐकत होते
तर बाप शेजारी येऊन बसला.
चाळीस वर्षं पॉवरलूमवर, डावा कान पार गेलेला,
उजव्यात एक बोंड अडकवून दिलं.
डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं त्यानं.
मी म्हटलं, काही नाहीये त्यात, अप्पा.
"बागुंदी," म्हणाला,
"कारखान्याला सुट्टी असल्यासारखं."

आज शेवटची तारीख. पाचला पोर्टल बंद.
ओटीपी सरांच्या मोबाईलवर, आणि सर अक्कलकोटला,
मेव्हणीच्या लग्नात.
चार सत्तेचाळीसला बँडच्या आवाजातून
आकडे ओरडून सांगितले त्यांनी,
मी दोनचा नऊ ऐकला, परत सगळं पहिल्यापासून.
चार अठ्ठावन्नला हिरवी खूण.
अर्ज क्रमांक मी हातावर लिहून ठेवलाय,
प्रिंटरमधला कागद संपला होता.

तू विचारलं होतंस, निवड झाली तर येताना काय आणू.
टोपी आण. शेंगाचटणी खायची तयारी आण.
आणि धडके म्हणतात, तुमच्याकडच्या मोठ्या माळढोकाचा
आवाज असेल तर घेऊन या,
पहाटे लावून बघू एकदा.
मी म्हटलं, जात वेगळी, हाक वेगळी, कळणार कसं?
ते हसले.
मॅडम, हे सोलापूर आहे.
मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू,
चौथ्या हाकेला कुणीतरी वळतंच की.